घोडं पेंड खातंय कुठे? १९६६च्या मस्टँगचं इंजिन जोरात आणताना

फोर्डची जुनी मस्टँग घेतलेल्या माणसाचा पहिला फोन ठरलेला असतो. "गाडी दिसते झकास, पण ओढत नाही. आधी हेडर बसवू की मोठा कार्बोरेटर?" मी विचारतो, "कॉम्प्रेशन मोजलंस का?" पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर येतं, "ते कशाला? चालू तर होतेय की." (हेडर म्हणजे धूर मोकळा बाहेर काढणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या, आणि कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते.)

मी मिशिगनमध्ये राहतो. ज्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात माझी गाडी तयार झाली, तिथून अर्ध्या तासावर. गाडी १९६६ची, दोन दारांची हार्डटॉप, २८९ घनइंची व्ही-८, म्हणजे साधारण ४.७ लिटरची. खाली जे लिहिलंय ते याच इंजिनाबद्दल. शेव्हीच्या ३२७ किंवा ३५० वाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, आकडे तेवढे त्यांच्या मॅन्युअलमधून घ्यावेत. मुंबईत शिवडीला जोडलेली जुनी शेव्हरोले किंवा कुर्ल्याला प्रीमियरने जोडलेली डॉज सांभाळणाऱ्यांना मात्र यातला तपासणीचा भागच उपयोगी पडेल. त्यांच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचं गणित वेगळं असतं.

तुमच्याकडे नक्की कुठलं इंजिन आहे?

चासी नंबरचं पाचवं अक्षर बघा. १९६६च्या मस्टँगवर 'सी' म्हणजे २८९, दोन बॅरलचा (हवा आत घेणाऱ्या दोन नळ्यांचा) कार्बोरेटर, २०० हॉर्सपॉवर. 'ए' म्हणजे चार बॅरल, २२५. 'के' म्हणजे हाय परफॉर्मन्स, २७१. 'टी' असेल तर सहा सिलिंडर, तुमचा लेख वेगळा. पण साठ वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं, त्यामुळे ब्लॉकवरचा ओतीव नंबरही वाचा. फोर्डच्या पद्धतीत 'सी६'ने सुरू होणारा नंबर म्हणजे त्या भागाचं डिझाइन १९६६ सालचं. माझ्या ओळखीच्या एकाने '२८९' म्हणून घेतलेल्या गाडीत सत्तरच्या दशकातलं ३०२ निघालं. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं!

आता हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा: २००, २२५, २७१. ब्लॉक तोच, ४ इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच, २.८७ इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोही तोच. मग ७१ घोडे आले कुठून? 'सी'मधून 'ए'कडे जाताना फोर्डने चार बॅरलचा कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (त्याची हवा सिलिंडरांत वाटणारा भाग) दिला, कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ९.३ वरून १०च्या आसपास नेलं. 'के'साठी सॉलिड टॅपेटचा जास्त तिखट कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टॅपेट म्हणजे त्याच्या उंचवट्यांवर, लोबवर, टेकणारा भाग), मोठा कार्बोरेटर, १०.५ कॉम्प्रेशन आणि मोकळा एक्झॉस्ट दिला. कॅरल शेल्बी या रेसिंगवाल्या गाडीकाराने १९६५च्या जीटी३५० या मस्टँगसाठी तेच 'के' इंजिन घेतलं, कॅमला हात लावला नाही, फक्त अॅल्युमिनियमचा उंच इनटेक मॅनिफोल्ड, मिनिटाला ७१५ घनफूट हवा घेणारा हॉली कार्बोरेटर आणि ट्राय-वाय (नळ्या जोडीजोडीने एकत्र येणारे) हेडर लावले आणि ३०६चा आकडा जाहीर केला. आपल्याला जी वाट चालायची आहे ती फोर्डने आणि शेल्बीने साठ वर्षांपूर्वीच आखून ठेवलेली आहे.

एक खुलासा. हे सगळे आकडे 'ग्रॉस', म्हणजे एअर क्लीनर, अल्टरनेटर, सायलेन्सर यांचं लोढणं न लावता टेस्ट बेंचवर मोजलेले. अमेरिकी कंपन्या १९७२ पासून 'नेट' आकडे देऊ लागल्या आणि एका वर्षात सगळ्या गाड्या कागदावर अशक्त झाल्या. त्यामुळे डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी मोजून २०० आले नाहीत म्हणून विक्रेत्याशी भांडू नका. कधीच येणार नव्हते.

आधी ब्रेक

हे मी मुद्दाम सुरुवातीला लिहितोय, कारण शेवटी लिहिलं की कोणी वाचत नाही. १९६६च्या मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे, पुढचे डिस्क जास्तीचे पैसे देऊन मिळायचे. त्याहून वाईट म्हणजे मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला की पेडल थेट फळीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. दुहेरी सर्किट १९६७ला आलं. इंजिनावर पहिला डॉलर खर्च करण्याआधी दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढचे डिस्क बसवा. रेडिएटरही बघून घ्या. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि गाळ साचलेला जुना रेडिएटर उन्हाळ्यात पहिल्याच सिग्नलला हात वर करतो.

तपासणी: हरवलेलं आधी परत मिळवा

साठ वर्षांच्या इंजिनात बहुतेक वेळा फॅक्टरीचीच ताकद गळून गेलेली असते. ती परत मिळवणं हे नवीन ताकद विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. एका शनिवारचं काम आहे.

इंजिन गरम करा. आठही प्लग काढा, आणि काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा ते पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. फोर्डमध्ये पॅसेंजर बाजूला पुढून मागे १ ते ४, ड्रायव्हर बाजूला ५ ते ८. कॉइलची वायर काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. आकडा चौरस इंचाला दीडशे पौंडांच्या आसपास असावा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा उसळला तर रिंगा गेल्यात, तिथलाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

व्हॉल्व्हची शंका आली तर त्याचं एक कारण इथे सांगून ठेवतो. ही हेड्स शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेली. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर धरून तिचं रक्षण करायचं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून पूर्ण बंद झालं. तेव्हापासून जोरात पळवलेल्या मूळ हेडमध्ये सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुतत जातो. हेड खोललंच, तर कडक सीट बसवून घ्या.

मग व्हॅक्यूम गेज. मॅनिफोल्डला लावा, आयडलवर काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर हवा. ठरावीक लयीत खाली झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सावकाश डुलत असेल तर कार्बोरेटरचं मिश्रण. कायमच खाली असेल तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे आहे किंवा कुठेतरी हवा आत येतेय. आमच्या कोल्हापुरात डिझेल इंजिनांवर हयात घालवलेले एक मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून एवढं सगळं सांगायचे. आपला कान तेवढा तयार नाही, म्हणून वीस डॉलरचं गेज.

क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन विसरू नका. फॅक्टरीच्या कॅम गिअरच्या दातांना आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचं आवरण असायचं. ते कडक होऊन तडकतं आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. तपासायला सोपं: डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाची) टोपी काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन एका दिशेला फिरवा, मग हळूहळू उलट. रोटर हलायच्या आधी क्रँक सहा-आठ अंशांपेक्षा जास्त फिरत असेल तर चेन ढिली आहे. डबल रोलर चेनचा संच महाग नाही, आणि तो बदलल्यावर कित्येक गाड्या 'अरे, ही हीच का?' म्हणायला लावतात.

टायमिंग: फुकटातली ताकद

इथे जरा थांबू, कारण खरं घोडं इथेच पेंड खातं.

फॅक्टरीचं आयडल टायमिंग ६ अंश, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या ६ अंश आधी ठिणगी. इंजिन वेगात आलं की डिस्ट्रिब्युटरमधली वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आणखी लवकर पडते. या इंजिनाला पूर्ण ताकदीसाठी एकूण ३४ ते ३६ अंश लागतात. फॅक्टरीच्या सेटिंगमध्येही बऱ्याचदा एकूण आकडा तिथपर्यंत पोचतो, पण रमतगमत, बऱ्याच वरच्या वेगात. सिग्नलवरून निघताना लागणारी ताकद त्यामुळे मिळतच नाही.

डिस्ट्रिब्युटर उघडा. पॉइंटच्या (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काच्या) प्लेटखाली एक स्लॉट असलेली पट्टी दिसेल, तिच्यावर '१०एल', '१३एल' किंवा '१५एल' असं कोरलेलं असतं. हे डिस्ट्रिब्युटरचे अंश. क्रँकवर ते दुप्पट होतात. म्हणजे १५चा स्लॉट ३० अंश देतो, ६ आणि ३० मिळून ३६. पट्टीला बहुधा दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापाचे स्लॉट असतात. ती फिरवून १०चा वापरला तर वजनं फक्त २० अंश देतात, आणि आयडलला तुम्ही १४-१५ अंश ठेवू शकता. एकूण तेवढेच, पण खालच्या वेगात ठिणगी आठ-नऊ अंश लवकर. पेडलला पाय लागताच फरक कळतो. दोन स्प्रिंगांपैकी जाड स्प्रिंग जरा हलकी लावली की अॅडव्हान्स ३००० फेऱ्यांच्या आसपास पूर्ण होतो. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी टायमिंग लावताना काढून बंद करायची आणि नंतर परत जोडायची. ती कायमची काढून टाकणारे 'रेसिंगवाले' भेटतील. रस्त्यावरच्या गाडीत ते करू नका, तेवढं पेट्रोल जास्त जाईल.

आता माझी चूक. दोन वर्षं मी टायमिंग लाइट मारून ३५ अंश बघत होतो आणि चढावर इंजिन खडखडत होतं. पेट्रोल बदललं, प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलला. शेवटी गल्लीतल्या एका निवृत्त म्हाताऱ्याने, बिअरचा कॅन हातातून न सोडता, विचारलं, "बॅलन्सर तपासलास का?" क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरमध्ये दोन लोखंडी कड्यांमध्ये रबर असतं. रबर म्हातारं झालं की बाहेरचं कडं घसरतं, आणि टायमिंगच्या खुणा असतात त्या कड्यावरच. माझं आठ अंश घसरलेलं होतं. म्हणजे मी ३५ म्हणत होतो तेव्हा इंजिन ४३वर होतं. तेव्हापासून माझा नियम: खुणांवर विश्वास ठेवण्याआधी पहिल्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घाला, इंजिन हाताने दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत फिरवा, दोन्ही वेळी खूण करा. त्या दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप डेड सेंटर, पिस्टनची सर्वांत वरची जागा. नवीन बॅलन्सर घेताना २८ औंसांच्या असमतोलाचाच घ्या. ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटर इंजिनाचा ५० औंसांचा असतो. चुकून तो लावलात तर इंजिन पत्र्याच्या डब्यासारखं थरथरेल.

पॉइंट ठेवायचे असतील तर गॅप ०.०१७ इंच. मी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावलंय, मूळ डिस्ट्रिब्युटरच्या पोटात मावतं आणि बाहेरून कळत नाही. फक्त एक: मस्टँगमध्ये कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर ही रेझिस्टरची वायर आहे. पॉइंट जळू नयेत म्हणून ती व्होल्टेज कमी करते. मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट लागतात, ते वेगळे आणून द्या, नाहीतर गरम झाल्यावर गाडी मिसिंग मारेल आणि तुम्ही कार्बोरेटरला शिव्या घालाल.

श्वास: कार्बोरेटर, इनटेक, एक्झॉस्ट

मोठा कार्बोरेटर म्हणजे मोठी ताकद हा समज काही केल्या जात नाही. साधा हिशोब करा. २८९ घनइंच गुणिले ५५०० फेरे, भागिले ३४५६ (घनफुटात १७२८ घनइंच, आणि सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच भरतो म्हणून दुप्पट). उत्तर ४६०. हे सिलिंडर शंभर टक्के भरले तर. खरं इंजिन पंच्याऐंशी टक्के भरलं तरी पुष्कळ, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३९० घनफूट हवा. फोर्डने 'ए' इंजिनाला ४८० घनफुटांचा ऑटोलाइट ४१०० दिला आणि ६००० फेऱ्यांच्या 'के'ला ६००चा, तो उगाच नाही. रस्त्यावरच्या गाडीला ५०० उत्तम, व्हॅक्यूमवर उघडणाऱ्या सेकंडरीचा (मागच्या दोन बॅरलचा) ६००ही चालतो. ७५० लावाल तर खालच्या वेगात हवेची ओढ मंदावते, पेट्रोल नीट फुटत नाही आणि पेडल दाबल्यावर गाडी आधी आवंढा गिळते.

मॅनिफोल्ड चार बॅरलचा, दोन मजली अॅल्युमिनियमचा घ्या. एडलब्रॉकचा परफॉर्मर २८९ याच कामासाठी आहे, लोखंडी मूळ भागापेक्षा पुष्कळ हलका. उंच मॅनिफोल्ड घेण्याआधी एअर क्लीनरवर मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळू बंद करा. गोळा किती चेपला ते बघून ठरवा.

बसवताना दोन गोष्टी. पुढच्या आणि मागच्या कडेची कॉर्कची पट्टी फेकून द्या, तिथे सिलिकॉनची जाड रेघ ओढा. कॉर्क घसरतं आणि ऑइल गळतं. दुसरं जास्त धोक्याचं. मॅनिफोल्डसाठी डिस्ट्रिब्युटर काढताना तो सरळ, सावकाश वर घ्या. त्याच्या खाली ऑइल पंप फिरवणारी षटकोनी काडी असते. ती कधीकधी डिस्ट्रिब्युटरला चिकटून वर येते आणि मग सुटून थेट ऑइल पॅनमध्ये पडते. टणत्कार ऐकू आला तर तुमचा रविवार पॅन उतरवण्यात गेला. रोटर कुठे बघत होता त्याची बॉडीवर खूण करायला विसरू नका. फायरिंग ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो.

एक्झॉस्टमध्ये 'सी' गाडी सर्वांत जास्त कोंडलेली. आखूड ओतीव मॅनिफोल्ड आणि दोन्ही बाजूंचा धूर एकाच नळीत. दोन स्वतंत्र सव्वादोन इंची नळ्या आणि ट्राय-वाय हेडर हा जोड या गाडीला फार शोभतो. लांब नळीच्या हेडरपेक्षा ट्राय-वाय मधल्या वेगात जास्त ओढ देतो आणि मस्टँगच्या अरुंद शॉक टॉवरमध्ये कमी भांडतो. तरी एक-दोन प्लग बदलताना हात भाजेलच.

सगळं जोडल्यावर जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची भोकं) जुळवा. इथलं पंपावरचं पेट्रोल बहुतेक दहा टक्के इथेनॉलचं, भारतात आता वीस टक्क्यांचं. इथेनॉलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या मापाचे जेट कोरडे पडतात. जुने रबरी पाइपही ते पोखरतं. इंधनाच्या सगळ्या नळ्या आजच्या पेट्रोलला चालणाऱ्या घ्या. आग लागण्याचं हे सर्वांत साधं कारण आहे. एक्झॉस्टमध्ये मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावता आला तर पूर्ण थ्रॉटलला हवा-इंधन प्रमाण साडेबारा ते तेराच्या मध्ये ठेवा.

हेड आणि कॅम

इथपर्यंत आलात की गाडी 'ए'च्या बरोबरीला किंवा पुढे गेलेली असते, आणि माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबावं. पुढे खर्च उडी मारतो.

जायचंच असेल तर आधी हेड. मूळ हेडमध्ये इनटेक व्हॉल्व्ह १.७८ इंचांचा आणि एक्झॉस्ट १.४५चा. इंजिनाचा गळा तिथे आवळलेला आहे, कॅम कितीही बदला. आजची अॅल्युमिनियम हेड्स मोठे व्हॉल्व्ह, कडक सीट आणि चांगले पोर्ट घेऊन येतात, वजनही कमी होतं. नव्वदच्या दशकातल्या एक्सप्लोररची जीटी४०पी हेड्स भंगारात स्वस्त मिळतात, पण त्यांच्या प्लगचा कोन वेगळा असल्याने साधे हेडर बसत नाहीत. चेंबरचं माप बघून घ्या. २८९चं मूळ चेंबर चोपन्न-पंचावन्न घन सेंटिमीटरचं, त्यापेक्षा बरंच मोठं घेतलं तर कॉम्प्रेशन पडून कमावलेलं गमावाल.

कॅम निवडताना मोह आवरा. खडखड आयडलचा कॅम ऐकायला मस्त, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि पॉवर ब्रेक असतील तर रोजचा छळ. ०.०५० इंच उचलीवर २१० अंशांच्या आसपासचा हायड्रॉलिक कॅम पुरे. सोबत नवे टॅपेट, नव्या स्प्रिंगा. कागद नीट वाचा, काही कॅम फोर्डच्याच ३५१ इंजिनाच्या फायरिंग ऑर्डरवर घासलेले असतात. मोठे व्हॉल्व्ह आणि नवा कॅम एकत्र आले की पिस्टनवर माती लावून, हेड तात्पुरतं कसून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि माती कापून जाडी मोजा. इनटेकला ०.०८०, एक्झॉस्टला ०.१०० इंच किमान.

पहिला स्टार्ट म्हणजे परीक्षा. सपाट टॅपेटच्या कॅमला भरपूर जस्त असलेलं ब्रेक-इन ऑइल, लोब आणि टॅपेटच्या तळाला काळं मलम. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये आधीच पेट्रोल भरा, टायमिंग आधीच जुळवा, म्हणजे स्टार्टर घरघरत बसणार नाही. चालू होताच थेट २००० फेरे आणि तिथून वर-खाली, वीस ते तीस मिनिटं. आयडलवर सोडायचं नाही. कॅमच्या लोबना तेल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतूनच मिळतं आणि आयडलला शिंतोडे कमी. एक जण पाण्याचं तापमान बघायला, एक गळती बघायला, एक आग विझवायच्या सिलिंडरसह उभा. माझ्याकडे हे तिसरं काम बायकोने घेतलं होतं. ती पूर्ण अर्धा तास पिन हातात धरून माझ्याकडे बघत होती, इंजिनाकडे नाही.

तेल आणि फिल्टर लगेच बदला. फिल्टर कापून आतला कागद उजेडात धरा. करडी चकाकी थोडी दिसणारच, लोखंडी कण दिसले तर थांबा.

राहिला मागचा एक्सल. 'सी' गाड्यांना बहुधा २.८० किंवा ३.००चं गुणोत्तर असायचं, महामार्गावर शांत पण सिग्नलवर सुस्त. ३.२५ लावलं तर एकही घोडा न वाढवता गाडी चपळ होते. ३.५५ची मजा और, पण ओव्हरड्राइव्ह नसेल तर सत्तर मैलांच्या वेगात शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. आणि शंभर मैल झाले की हेडरचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा आवळा. निम्मे तरी ढिले सापडतील.